जाहिरात आली, मुलाखत दिली, निवड झाली

दरवर्षी जुलै महिन्यात मी एकाच नोकरीसाठी मुलाखत देते. टेबलापलीकडे आमचे प्राचार्य असतात आणि त्यांच्या शेजारी आमच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. विभागप्रमुखांसोबत मी सकाळीच चहा घेतलेला असतो. तरी ते चष्मा सारखा करून विचारतात, "आपलं नाव?" मी नाव सांगते. "शिक्षण?" मी शिक्षण सांगते. दुसऱ्या वर्षी पुन्हा मुलाखत झाली तेव्हा मला हसू आलं होतं. ते दाबताना ठसका लागला आणि शिपाई मामांना पाणी आणावं लागलं. आता हसू येत नाही. आता मी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसते आणि मूळ प्रमाणपत्रांची फाइल सोबत नेते. न जाणो, एखाद्या वर्षी कोणी ती खरंच उघडून बघायचं.

ज्यांचा कॉलेजशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. याला तासिका तत्त्वावरची नेमणूक म्हणतात. कायम शिक्षक निवृत्त होतात, त्यांची जागा लवकर भरली जात नाही, पण मुलं तर वर्गात येऊन बसलेली असतात. मग त्या जागेचे तास मोजून ते आमच्यासारख्यांना वाटून देतात. सत्र सुरू होताना वर्तमानपत्रात चौकटीएवढी जाहिरात येते, मुलाखत होते, विद्यापीठ मान्यता देतं आणि सत्र संपलं की नेमणूक आपोआप संपते. उन्हाळ्यात आम्ही त्या कॉलेजचे कोणीच नसतो. जुलैत पुन्हा जाहिरात. आमची हजेरीची वहीसुद्धा वेगळी असते. तीत तारीख, वर्ग, तास आणि शिकवलेला भाग लिहून प्रमुखांची सही घ्यावी लागते. मुलांना यातलं काही माहीत नसतं. त्यांच्यासाठी फळ्यासमोर उभी राहते ती मॅडम.

मी अमडापूरची, कॉलेज बुलडाण्यात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पीएच.डी. अजून चालू आहे, म्हणजे कागदोपत्री मी अजून विद्यार्थिनीच आहे. पण बाबा बाजारात कोणी भेटलं की ओळख करून देतात, "हे आपली पोरगी. कालेजात प्रोफेसर हाये." पहिल्या वर्षी मी बाबांना थांबवलं नाही. वाटलं, पुढच्या वर्षी जागा निघेल, आपण लागू, मग ते खरंच होईल. मग आत्ता कशाला सांगायचं? असं करत पाच वर्षं गेली.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं तेव्हा मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. अशा अंकात निवृत्त माणसं लिहितात. त्यांच्याकडे तीस-तीस वर्षांचं सांगण्यासारखं असतं. माझ्याकडे एकच गोष्ट आहे आणि तीही फारशी अभिमानाची नाही. पण माझ्या कामाविषयी खरं लिहायचं तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी कॉलेजला मूल्यांकन समिती येणार होती. समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या लागतात आणि फायली तपासल्या जातात. करिअर मार्गदर्शनाच्या फाइलमध्ये एक कार्यक्रम कमी निघाला. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"एक व्याख्यान ठेवू. 'विद्यापीठीय अध्यापन, संशोधन आणि प्रशासनातील नोकरीच्या संधी.' तुम्ही घ्या."

"सर, मी?"

"तुम्ही तरुण आहात, मुलं तुमचं ऐकतात. आणि फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे, एवढं बघा."

प्राचार्य चांगले गृहस्थ आहेत. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. यात काही विचित्र आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. ते ध्यानात आलं आमचे मुख्य लिपिक खरात बाबू यांच्या. बाबूंनी चार प्राचार्य पाहिले आहेत आणि कोणता कागद कुठल्या कपाटात आहे हे ते डोळे मिटून सांगतात.

"मॅडम, हे तं उपाशी मानसाले पंगतीत वाढाले उभं केल्यावानी झालं."

"बाबू, हळू बोला."

"हळूच बोलून राह्यलो. जोरात बोललो असतो तं साहेबायलेही समजलं असतं."

मी मनापासून तयारी केली. व्याख्यानाचे तीन भाग केले. अध्यापनाचा भाग मला पाठच होता. आधी एम.एस्सी., मग नेट किंवा सेट, जमलं तर पीएच.डी., मग जाहिरात बघून अर्ज. संशोधनाच्या भागात शिष्यवृत्त्या, प्रकल्पांवरच्या नेमणुका, प्रयोगशाळा असं सगळं घेतलं. माझं स्वतःचं संशोधन आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यावर आहे. एसटीत बाटल्यांचं खोकं मांडीवर घेऊन मी त्या गावांत फिरले आहे. एका गावातल्या आजींनी विहिरीवर मला विचारलं होतं, "पाणी गोड करतं का व माय?" मी म्हटलं, "नाही आजी, मी फक्त मोजते. किती खारं आहे ते." वर्षभराने मी त्यांना आकड्यांचा तक्ता नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात धरला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं मले जिभेनंच समजते." हे मी व्याख्यानात घेतलं नाही. संशोधनातल्या संधींमध्ये ते कुठे बसवावं हे मला कळलं नाही.

प्रशासनाचा भाग बाबूंनी सांगितला. खुर्चीवर मांडी घालून ते बोलत गेले आणि मी लिहून घेत गेले. कनिष्ठ लिपिकापासून वरिष्ठ, मुख्य, अधीक्षक, मग सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव.

"आन प्रयोगशाळा सहायक सोडू नका. ते कोनी सांगत नाही. सारे पोट्टे म्हन्तेत प्रोफेसर व्हाचं. मंग बाकीचं कॉलेज कोन चालवीन? आता विद्यापीठाची जाहिरात निंगाली हाये सहायकाची. ते आपली धाडची तस्लीम हाय ना, तिले म्या सांगतलं, फारम भर मनून."

तस्लीम बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या वडिलांचं, रफिकभाईंचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं काम. धाड गावच्या आठवडी बाजारात ते ताडपत्रीखाली दुकान मांडत. हात स्थिर असण्याचा गुण बहुधा तिकडूनच आला असावा. ब्यूरेट म्हणजे थेंब थेंब सोडायची उभी काचेची नळी. तिच्या तोटीवर तस्लीमचे हात होते तसे मी अजून कोणत्या विद्यार्थ्याचे पाहिले नाहीत. घाई नाही, थरथर नाही. प्रयोगशाळा सहायक म्हणून ती कोणत्याही विद्यापीठाला शोभली असती.

व्याख्यान चांगलं झालं. मी पन्नास मिनिटं बोलले. एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग तस्लीम उठली.

"मॅडम, तुम्ही कशा लागल्या?"

पहिल्या रांगेत प्राचार्य होते, विभागप्रमुख होते, फोटो काढणारे होते. मी म्हणाले, "जाहिरात आली, मुलाखत दिली, निवड झाली."

टाळ्या वाजल्या. बाबू दाराशी उभे होते, ते मान खाली घालून निघून गेले.

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दरवर्षीच खऱ्या होतात.

दोन दिवसांनी प्रॅक्टिकल संपल्यावर तस्लीम थांबली. सगळ्या ब्यूरेटा धुऊन स्टँडला उलट्या लावल्या आणि म्हणाली, "मॅडम, मी तो सहायकाचा फॉर्म भरत नाही."

"का गं?"

"अब्बांना तुमचं सगळं सांगितलं. एम.एस्सी., मग सेट, मग तुमच्यासारखी नोकरी. अब्बा म्हणाले, पक्की नोकरी असेल तर सहा-सात वर्षं मी ओढतो. आणखी दोन बाजार धरतो. आता क्लार्क-सहायकाच्या मागे लागू नको म्हणाले."

तिचा चेहरा इतका मोकळा होता. मी "बरं" म्हणाले. पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. घंटा झाली, पुढची बॅच आत आली आणि मी हजेरी घ्यायला लागले.

त्या दिवशी अमडापूरच्या गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय केलं आहे. एक माणूस माझ्या नोकरीच्या भरवशावर आणखी दोन गावांचे बाजार धरणार होता, आणि ती नोकरी मलाच नव्हती. एम.एस्सी. करू नये असं मला म्हणायचं नव्हतं. पण हातातली एक जागा सोडताना तिला सगळं माहीत असायला हवं होतं. फॉर्म बंद व्हायला चार दिवस होते.

त्यातले दोन मी वाया घालवले. कारण लिहायलाही संकोच वाटतो. मला भीती वाटत होती की धाडला सांगितलं की जीपमधून गोष्ट बुलडाण्याला येईल, कॉलेजात फिरेल, तिथून अमडापूरला पोचेल आणि बाबांना बाजारात कोणीतरी विचारेल. वर्गात मागच्या बाकावरची मुलं आधीच थोडी वांड असतात. त्यांना कळलं की ह्या मॅडम उन्हाळ्यात कोणीच नसतात, तर ती माझं ऐकतील का, असंही वाटायचं. मी तस्लीमला वर्गात पाहिलं की फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे.

बाबूंनी एकदाच विषय काढला. एका कागदावर सही घेताना म्हणाले, "परवा संध्याकाळी बंद होते फारम. मी सांगतलं असतं तिले. पन माह्यं आयकन का ते? तिनं तुमच्या तोंडून आयकेल हाये."

दुसऱ्या दिवशी धाडचा बाजार होता आणि मला दुपारनंतर तास नव्हते. मी जीपने गेले. बाजाराच्या कडेला, बियाण्यांच्या दुकानासमोर रफिकभाई बसले होते. समोर एक मशीन उलटी करून ठेवलेली, शेजारी तेलाची कुपी, डोक्याला रुमाल. मला बघून ते घाईने उठले, स्टूल पुसलं.

"या मॅडम, बसा. तस्लीम डबा घेऊन येऊनच राह्यली. चाय सांगतो."

"चहा नको भाऊ. मला तुमच्याशी बोलायचंय. ती यायच्या आधी."

"काई केलं का तिनं?"

"तिने नाही. मी केलं." मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आता धड आठवत नाही. मी पर्मनंट नाही एवढं आधी म्हणाले. ते त्यांना नीट समजलं नाही, म्हणून जुलै, मुलाखत, तास, उन्हाळा असं सगळं सांगितलं.

रफिकभाई ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे माह्या दुकानावानी. बाजार भरला तं दुकान."

"हो. तसंच."

"आन किती सालापासून?"

"पाच."

त्यांनी मशीनचं चाक हाताने हळू फिरवलं, कान लावून ऐकलं, पुन्हा फिरवलं. "मंग पोरीले खोटं काऊन सांगतलं मॅडम?"

"खोटं नाही सांगितलं भाऊ. पूर्ण नाही सांगितलं."

"जुनी मशीन इकनारे बी असंच करतेत. सुई चांगली हाय म्हन्तेत, पायदान नवं हाय म्हन्तेत. बॉबिनचं नाव काढत नाहीत. घरी नेल्यावर मानूस माह्याकडे येते." ते रागावून बोलत नव्हते, म्हणून मला जास्त लागलं.

तेवढ्यात तस्लीम आली. माझ्या चेहऱ्यावरून तिला काहीतरी झाल्याचं कळलं. रफिकभाई म्हणाले, "मॅडमनं सांगतलं ते तू बी आयक." मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, ते गेलं नाही.

ती उभीच होती. डबा हातात.

"मॅडम, रीडिंग जुळलं नाही तरी लिहा, असं तुम्हीच सांगता ना आम्हाला? खोडू नका, लपवू नका. माझं एक रीडिंग मी खोडलं होतं तं तुम्ही अख्खी वही परत दिली होती मले." रागात तिचं पुस्तकी बोलणं सुटत चाललं होतं. "मंग तुमचंच रीडिंग काऊन लपवलं?"

"लाज वाटली."

"मले काय सांगून राह्यल्या तुम्ही आता? शिकू नको म्हन्ता?"

"नाही. शीक. पण तो फॉर्म सोडू नकोस. नोकरी करून पुढचं शिकता येतं. तो निर्णय तुझा आहे, मी सांगते म्हणून काहीच करू नकोस."

शेजारच्या दुकानावर एक बाई भाव करत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. मग तस्लीमने डबा खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "असं आहे तर तुम्ही दरवर्षी पुन्हा अर्ज का करता?"

हा प्रश्न मला पाच वर्षांत मुलाखतीत कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "टायट्रेशनला पहिल्या वर्षाची पोरं असतात ना. ब्यूरेटमधून सोडत राहतात, सोडत राहतात, काहीच होत नाही. आणि मग एका थेंबाला फ्लास्क गुलाबी होतो. तेव्हा कोणीतरी एक जण माझ्याकडे बघतो. त्यासाठी करते बहुतेक. मला नक्की माहीत नाही."

"माह्या वेळी तुम्ही माह्याकडे पाह्यलं होतं," ती म्हणाली. "मी नव्हतं पाह्यलं. मी फ्लास्ककडेच पाहत होती."

रफिकभाई हसले. त्यांनी दोन चहा सांगितले आणि मी आता नको म्हणाले नाही. फॉर्मचं ती काहीच बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी घरी बाबांना सांगितलं. गोष्ट बाहेरून यायच्या आधी माझ्याकडून जावी, एवढाच विचार होता. बाबा ऐकून घेत होते, हातात दोरी वळत होते.

"मंग मी लोकायले काय सांगू?"

"शिकवते म्हणून सांगा."

"ते तं खरं हाये ना?"

"हो."

"मंग झालं," म्हणाले. पण दोन-तीन दिवस ते माझ्याशी कमी बोलले, आणि बाजारात माझी ओळख करून देताना आता ते आधी माझ्याकडे एकदा बघतात. हे मला अजून सवयीचं झालेलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तस्लीमने फॉर्म भरला. मला ते बाबूंकडून कळलं, कारण तिला बोनाफाइड लागलं होतं. "बापाले घेऊन आलती," बाबू म्हणाले. "फोटो बी नवा काढला." तिने स्वतः मला सांगितलं नाही. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते योग्यच होतं असं मला वाटतं.

पुढचं लवकर घडलं नाही. सहायकाची परीक्षा दोनदा पुढे गेली. तोवर तस्लीमने बुलडाण्यातच एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि रफिकभाईंनी खरंच आणखी एक बाजार धरला. माझ्या जुलैच्या आणखी दोन मुलाखती झाल्या. कायम पदाची एक जाहिरात दुसऱ्या जिल्ह्यात निघाली होती, तिथेही मी जाऊन आले. बाहेर बसलेल्या उमेदवारांपैकी निम्मे ओळखीचे होते, आम्ही एकमेकांना फायलींच्या रंगावरून ओळखतो. निवड झाली नाही.

यंदा उन्हाळ्याआधी एका सकाळी तस्लीम विभागात आली. निवड यादीत तिचं नाव होतं. रुजू होताना ओळखीच्या दोन जबाबदार व्यक्तींची चारित्र्य प्रमाणपत्रं द्यायची होती. एकावर विभागप्रमुखांची सही झाली होती. दुसरा छापील कागद तिने माझ्यापुढे ठेवला.

"तस्लीम, कायम शिक्षकाची घे. माझी चालायची नाही."

"मी बाबूंना विचारलं. त्यांनी नियम वाचला. जबाबदार व्यक्ती लिहिलंय, कायम लिहिलेलं नाही."

खरात बाबू तिच्या मागेच उभे होते. त्यांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. "चालते," ते म्हणाले. "नाही चालली तं मी हाओ ना अजून."

मी मजकूर वाचला. या व्यक्तीस मी तीन वर्षांपेक्षा अधिक काळ ओळखते, तिची वर्तणूक प्रामाणिक आहे, वगैरे. मी सही केली. सहीखाली 'पदनाम' म्हणून एक ठिपक्यांची ओळ होती. तिथे मी 'सहायक प्राध्यापक' लिहिलं आणि थांबले. तस्लीम पेनाच्या टोकाकडे बघत होती, ब्यूरेटकडे बघायची तशी.

मी पुढे कंसात 'तासिका तत्त्वावर' लिहिलं. ओळ तेवढी लांब नव्हती. शेवटची अक्षरं समासात गेली.

तिने कागद उचलला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, समासातलंही वाचलं आणि शाई वाळेपर्यंत तो हातात धरून उभी राहिली.